बिनचेहऱ्याचा शनी

चौदा जानेवारी २००५, शुक्रवार. त्या दिवशी जर्मनीतलं अख्खं डार्मश्टाट शनीकडे डोळे लावून बसलं होतं.

खरंच! शनीच्या टायटन नावाच्या चंद्रावर एक यान उतरणार होतं आणि त्याचा सगळा कारभार याच गावातल्या केंद्रातून चालला होता. ट्रॅममध्ये तोच विषय, बेकरीत तोच विषय. फक्त 'के. मेश्राम, खासगी तपास' अशी पाटी लावलेल्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत रेडिओ बंद होता. कीर्ती मेश्रामला विचार करताना आवाज चालत नसे, आणि ती सतत विचार करत असे.

"अगं, ऐतिहासिक क्षण आहे!" दत्ता पानसे कळवळून म्हणाला. दत्ता पुण्याचा, एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. रजा मिळाली की तो कीर्तीचा मदतनीस व्हायचा. मदत कमी, चहा जास्त. "त्यात आज संक्रांत. सूर्य शनीच्या राशीत आणि यान शनीच्या दारात! एवढा योग जुळतो आणि तुला काहीच वाटत नाही?"

"नाही वाटत. माझ्या आईबाबांनी माझी पत्रिकाच केली नाही. नागपूरच्या घरी भिंतीवर बुद्ध होते, ग्रहांना जागाच नव्हती."

दत्ता यावर काहीतरी जोरदार बोलणार होता, पण दारावर टकटक झाली.

आत आलेल्या बाईंचा डावा हात प्लास्टरमध्ये होता. कोटाची बटणं एकाआड एक चुकलेली. पस्तिशीच्या असतील. खांद्यावरची पिशवी त्यांनी खाली ठेवलीच नाही, पोटाशी धरून बसल्या.

"मी अरुंधती सबनीस. हायडेलबर्गहून आले. दत्ता, तू ओळखतोस मला, गणपतीत भेटलो होतो. गुरुदत्तची बायको."

"अरे, वहिनी! हाताला काय झालं?"

"तेच सांगायला आलेय." त्यांनी टेबलावर तीन पाकिटं ठेवली. "मला कोणीतरी मारणार आहे. बारा फेब्रुवारीला."

खोलीत एकदम गार वाटलं. हीटर चालू होता तरी.

कीर्तीने पाकिटांतले कागद ओळीने मांडले. तिन्ही जुन्या चित्रांच्या रंगीत प्रती होत्या. सोनेरी आकाश, निळी बारीक नक्षी, अतिशय सुंदर. पहिल्यात विंचवावर बसलेला योद्धा. दुसऱ्यात अर्धा माणूस आणि अर्धा घोडा असलेला धनुर्धारी, मागे वळून बाण सोडणारा. तिसऱ्यात बोकडावर बसलेला सावळा म्हातारा, हातात कुदळ.

तिघांनाही चेहरा नव्हता. चेहऱ्याच्या जागी पात्याने कापलेलं गोल भोक. त्यातून टेबलाचं लाकूड दिसत होतं.

"फारसी हस्तलिखितातली राशिचित्रं आहेत ही," अरुंधती म्हणाल्या. "मूळ पोथी चारशे वर्षांपूर्वीची, आमच्या संग्रहातली. प्रत्येक राशीवर तिचा स्वामी बसवलेला. वृश्चिकेवर मंगळ, मकरेवर शनी. मी तिचा अहवाल लिहितेय, चित्रांच्या प्रती घरीही असतात. पंधरा फेब्रुवारीला द्यायचाय. दिला की मला तिथे कायमची नोकरी."

"अहवालात काय आहे?"

"सात चित्रांचे चेहरे मागाहून, दोनशे वर्षांनी कोणीतरी पुन्हा रंगवलेत. संग्रहाच्या मालकीणबाई फ्राऊ हाइडेनराइश यांना ते आवडलेलं नाही. आणि बेहरूझना तर मुळीच नाही. ते तिथले फारसीचे जाणकार. त्यांनी वीस वर्षं सांगितलंय की पोथीला कोणाचा हात लागलेला नाही."

प्रत्येक चित्राखाली जर्मनमध्ये छापलेली ओळ होती. पहिल्या दोन सारख्याच: 'आज सूर्य या घरात आला. तू हे गाव सोड.' तिसरी लांब होती: 'आज सूर्य या घरात आला. पुढच्या घरात विहीर आहे. बारा फेब्रुवारीला सूर्य विहिरीवर येईल. तोवर गेली नाहीस तर तूही विहिरीत.'

"पुढचं चित्र कुंभेचं," अरुंधती हळूच म्हणाल्या. "त्यात शनी विहिरीतून पाणी काढतो."

"कधी कधी आली ही पत्रं?"

"पहिलं सोळा नोव्हेंबरला, ऑफिसात, टपालाने. चार दिवसांनी मी आमच्या इमारतीच्या केलरमध्ये, तळघरात, बटाटे आणायला उतरले, तर कोणीतरी बाहेरून कडी घातली. दोन तास अंधारात होते. शेवटी गुरूनेच शोधून सोडवलं. बिचारा किती घाबरला होता! दुसरं पत्र पंधरा डिसेंबरला सायकलच्या टोपलीत. मग तीन दिवसांनी सकाळी ऑफिसला जाताना उतारावर ब्रेक लागलाच नाही. वायर अर्धी कापलेली होती. हात मोडला, डोकं वाचलं."

"सायकल रात्री कुठे असते?"

"केलरमध्येच."

"आणि हे तिसरं?"

"आज. नऊला ऑफिसात पोचले, पिशवीतून वही काढली, तर वहीत हे. तशीच उठले, स्टेशनवर गेले आणि इकडे आले. पोलिसांत जाऊन आलेय मागे. ते म्हणाले, कोणाचा तरी वाह्यातपणा."

कीर्तीने भिंग घेतलं. तिसऱ्या पाकिटाच्या चिकट कडेखाली काहीतरी अडकलं होतं. तिने टाचणीने ते सुटं केलं. एक तीळ. तपकिरी, चिकट.

"पावावरचा," दत्ता म्हणाला. "या देशात प्रत्येक दुसऱ्या पावावर तीळ असतात."

"जा, गेनाऊ. अगदी बरोबर," कीर्ती म्हणाली. दत्ता मराठीत जर्मन शब्द पेरायचा, ते ऐकून ऐकून तिला तशी चेष्टा करायची सवय लागली होती.

अरुंधती पिशवीत हात घालून ओशाळल्यासारखं हसल्या. "बघा ना, आज सण आणि मी हे काय घेऊन आले. सासूबाईंनी ऑफिसात वाटायला तिळगूळ दिलाय." त्यांनी डबा बाहेर काढला. झाकणावर दोऱ्याच्या उलटसुलट चार गाठी होत्या. एका हाताने सुटेनात, म्हणून दत्ताने दातांनी सोडवल्या. "आई असंच बांधतात. पुण्याहून चंद्रावर पाठवायचं असल्यासारखं."

तिघांनी तिळगूळ घेतला. गोड बोलायचं कोणालाच सुचलं नाही.

*

शनिवारी हायडेलबर्गवर धुकं इतकं दाट होतं की नेकार नदीवरचा पूल अर्ध्यातच संपल्यासारखा दिसत होता. संग्रहाची दगडी इमारत टेकडीच्या चढावर होती. खिडक्या अरुंद, आणि आत मेणाचा वास.

फ्राऊ हाइडेनराइश सत्तरीच्या होत्या, ताठ, पांढऱ्याशुभ्र केसांच्या.

"मला अहवाल पसंत नाही, हे खरं," त्या म्हणाल्या. "माझ्या आजोबांनी ही पोथी आणली. तिचे चेहरे खोटे आहेत हे ऐकायला कोणाला आवडेल? पण फ्राऊ सबनीसना मी हाकलणार असेन तर तोंडावर हाकलेन. चित्रं कापून नाही. गेल्या महिन्यात, अठ्ठावीस डिसेंबरला, मला एकाहत्तरावं लागलं. मी श्टाइनबॉक आहे, समजलं? बोकड! आम्ही समोरून टक्कर देतो."

"तुमचा राशींवर विश्वास आहे?"

"पेपरातलं भविष्य वाचते. कॉफीबरोबर काहीतरी हवं ना."

बेहरूझ वाचनालयात पोथीपाशी उभे होते. पन्नाशीचे, बारीक आवाजाचे. त्यांनी हातांत पांढरे मोजे घातले आणि पान उलटलं. धनुर्धारी. इथे त्याला चेहरा होता, डोळे शांत. पण दत्ता एकदम मागे सरकला.

"ह्याच्या शेपटीला तोंड आहे!"

खरंच होतं. शेपटीचं टोक म्हणजे जबडा वासलेला साप, आणि धनुर्धारी वळून त्याच्यावरच नेम धरत होता. स्वतःच्याच शेपटीवर.

"ग्रहणं लावणारा महासर्प," बेहरूझ म्हणाले. "तुमच्याकडे त्याचं डोकं आणि धड वेगळे ग्रह आहेत, बरोबर? आमच्याकडे तो एकच. त्याची शेपूट धनूत बलवान होते असं मानतात, म्हणून चित्रकाराने ती इथेच जोडून टाकली."

"आल्झो, म्हणजे राहू आणि केतू!" दत्ता खूश झाला. "कीर्ती, बघ, हे लोक आपलेच निघाले."

"तुम्ही अरुंधतीबाईंवर चिडलेले आहात?" कीर्तीने सरळ विचारलं.

"खूप. मी वीस वर्षं चूक होतो असं ती म्हणते. वाईट म्हणजे ती बरोबर असावी." बेहरूझ खिन्न हसले. "पण या चित्रांचे चेहरे कापायचे? प्रतीवरसुद्धा माझा हात चालणार नाही."

त्यांच्या टेबलावर फारसी कॅलेंडर होतं. कीर्तीने बोट ठेवलं. "आज काय तारीख तुमच्याकडे?"

"दे महिन्याची सव्वीस. आमचे महिने राशींबरोबर चालतात. दे म्हणजे मकर. संपत आला आता."

कीर्तीने वहीत दोन शब्द लिहिले. दत्ताने डोकावून पाहिलं. 'बोकड' आणि 'सव्वीस'. त्याला काहीही कळलं नाही.

*

सबनीसांचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दार गुरुदत्तने उघडलं. उंच, हसरा, स्वेटरच्या बाह्या वर केलेल्या.

"दत्ता! ये रे. या ताई, आत या. बरं झालं तुम्ही लक्ष घातलंत. मी तर हिला म्हणतो, नोकरी गेली खड्ड्यात, जीव महत्त्वाचा. चल परत पुण्याला. ऐकत नाही."

"तुमचं काम इथे किती दिवस आहे?" कीर्तीने विचारलं.

"माझं काय, प्रोजेक्ट फेब्रुवारीअखेर संपतंय. कंपनी परत बोलावतेय. पण हिची नोकरी कायम झाली तर मी थांबेन, दुसरं बघेन. तसं ठरलंय आमचं." त्याने अरुंधतीच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हातावर त्यांनी आपला धड हात ठेवला.

स्वयंपाकघरात गुरुदत्तच्या आई, मनोरमाबाई, चहा करत होत्या. नऊवारीवर जाड जर्मन जॅकेट. कीर्तीला बघून त्यांनी लगेच डबा उघडला.

"घे ग बाई, तिळगूळ. काल मिळाला असेल तरी घे. परवा रात्री केले. पाक माझा आणि लाडू वळले गुरूने. चटके बसतात म्हणून ओरडत होता, पण वळले हो सगळे. सूनबाईचा हात असा, मी म्हातारी, मग कोण करणार? आधी डबा भरून बांधून ठेवला मी, आणि मग बसले निवांत."

"तुम्ही इथे कधीपासून आहात, काकू?"

"एक डिसेंबरला आले. तीन महिन्यांचा व्हिसा." त्यांनी आवाज उतरवला. "पोरीला सुख नाही बघ आल्यापासून. मी देवाला विचारते, हिच्याच मागे का?"

भिंतीवर पुण्याहून आणलेलं पंचांगाचं मोठं कॅलेंडर टांगलेलं होतं, आणि त्याच खिळ्यावर, मागे, गेल्या वर्षीचं. कीर्तीने आधी मागचं चाळलं. मग पुढच्याचं फेब्रुवारीचं पान वर उचललं, क्षणभर पाहिलं आणि सोडून दिलं.

तेवढ्यात बेल वाजली. दारात एक जर्मन जोडपं उभं होतं. बाईच्या हातात मोजपट्टी.

"नमस्कार, आम्ही जरा लवकर..."

"चुकीचा मजला," गुरुदत्त म्हणाला आणि दार लावलं. मग हसला. "चौथ्या मजल्यावर काहीतरी चाललंय."

"मंगळवारीही असेच दोघं आले होते," मनोरमाबाई आतून म्हणाल्या. "मला काय कळतंय त्यांची भाषा! मी हसले आणि चहा दिला."

खाली उतरल्यावर कीर्ती फाटकापाशी थांबली. मालकाचं नाव आणि फोन नंबर तिथे पाटीवर होता. तिने तो उतरवून घेतला.

"काय कळलं?" दत्ताने विचारलं.

"सगळं. आणि मला ते मुळीच आवडलेलं नाही."

*

रविवारी दुपारी वाचनालयात सगळे जमले. कीर्तीच्या विनंतीवरून फ्राऊ हाइडेनराइश यांनी बंद इमारत उघडली होती. मधल्या टेबलावर पोथी, तिच्या शेजारी ती तीन भोकं पडलेली चित्रं. मनोरमाबाई सुनेच्या शेजारी बसल्या होत्या. बाहेर धुकं खिडकीला टेकलं होतं.

कीर्ती आधी जर्मनमध्ये बोलली, मग मनोरमाबाईंसाठी मराठीत.

"पत्र लिहिणाऱ्याने एक दावा केलाय. 'आज सूर्य या घरात आला.' तीन पत्रं, तीन तारखा. मला ग्रहांचं काही कळत नाही, म्हणून मी ज्यांना कळतं त्यांना विचारलं. फ्राऊ हाइडेनराइश अठ्ठावीस डिसेंबरला जन्मल्या आणि स्वतःला मकरेच्या म्हणवतात. म्हणजे त्यांच्या हिशेबाने सूर्य नाताळाच्या आधीच मकरेत गेला. बेहरूझ काल म्हणाले, मकरेचा महिना संपत आला. दोघांचा हिशेब एकच. मग चौदा जानेवारीला सूर्य मकरेत कोणाचा गेला?"

दत्ताने कपाळावर हात मारला. "संक्रांत!"

"संक्रांत. यांची गणितं ऋतूंवर बसवलेली आहेत, आपलं पंचांग ताऱ्यांवर. मध्ये तीन आठवड्यांहून जास्त अंतर पडलंय. फारसी चित्रं वापरून, संशय बेहरूझांवर जावा अशी पत्रं लिहिणाऱ्याने तारखा मात्र पुण्याच्या कॅलेंडरवरून घेतल्या. सोळा नोव्हेंबर, पंधरा डिसेंबर, चौदा जानेवारी, बारा फेब्रुवारी. चारही संक्रांती त्या खिळ्यावर टांगलेल्या आहेत. इराणी माणूस ही चूक करणार नाही. जर्मन तर नाहीच."

"मग मी..." अरुंधती पुटपुटल्या. "मला कशी नाही दिसली ही चूक? मी तर हेच शिकलेय."

"तुम्ही चेहरे बघत होतात. आणि तारीख तुम्हाला खटकली नाही, कारण ती लहानपणापासून आपल्या घरातली तारीख आहे. पण शांतपणे बसून ही पत्रं तुम्ही स्वतः रचली असतीत, तर मकरेच्या पत्राला एकवीस डिसेंबरच घातली असतीत. म्हणून तुमच्यावरचा संशय मी सगळ्यात आधी दूर केला."

गुरुदत्त खुर्चीत सरसावून बसला. "म्हणजे इथल्या मराठी लोकांपैकी कोणीतरी? मंडळात शंभर जण आहेत."

"मंडळातल्या शंभर जणांनी तुमच्याकडे तिळगूळ वळला नाही." कीर्तीने कागदाची पुडी उघडली. "तिसऱ्या पाकिटाच्या कडेत हा तीळ अडकला होता. गुळाच्या पाकातला. ऑफिसात गेलेला डबा मात्र माझ्यासमोर दत्ताने दातांनी सोडवला. काकूंच्या चारही गाठी शाबूत होत्या. म्हणजे तीळ ऑफिसातून आला नाही. गुरुवारी रात्री ज्याच्या बोटांना पाक होता, त्याने पाकीट बंद केलं आणि पिशवीतल्या वहीत घातलं."

मनोरमाबाईंनी आपल्या हातांकडे पाहिलं.

"तुम्ही नाही, काकू. पहिलं पत्र आलं तेव्हा तुम्ही पुण्यात होतात."

कीर्ती गुरुदत्तकडे वळली.

"केलरची कडी. केलरमधली सायकल. शोधून सोडवणारा माणूस. मी काल रात्री घरमालकांना फोन केला. त्यांनी जागेची जाहिरात दिलीये. एक मार्चपासून रिकामी. भाडेकरूने सोडण्याचं पत्र दिलंय. ते जोडपं चुकीच्या मजल्यावर आलं नव्हतं. जागा बघायला आलं होतं, पडद्यांची मापं घ्यायला. पत्रावर तारीख आहे सतरा नोव्हेंबर, विंचवाच्या चित्राच्या दुसऱ्या दिवसाची. करार एकट्याच्या नावावर, सही एकट्याची."

"गुरू?" अरुंधतींचा आवाज इतका बारीक होता की बेहरूझनी मान वळवली.

गुरुदत्तने पोथीकडे पाहिलं.

"मला फक्त तुला घाबरवायचं होतं," तो म्हणाला. "तुझी नोकरी कायम झाली असती तर तू कधीच परत आली नसतीस. आणि मी इथे काय? घरी बसलेला नवरा? तू स्वतःहून 'चल' म्हणाली असतीस तर कोणालाच काही कळलं नसतं. मी तुला काही होऊ दिलं नसतं."

"ब्रेकची वायर अर्धी कापली होती," कीर्ती म्हणाली. "उरलेली अर्धी कुठे तुटणार ते तुमच्या हातात नव्हतं. आणि त्या रस्त्याचा उतार तुम्हाला माहीत होता."



अरुंधती उठल्या. टेबलापाशी गेल्या. धनुर्धाऱ्याच्या पानापाशी थांबल्या आणि त्या उघड्या जबड्याकडे पाहत राहिल्या. "दोन महिने मी बाहेर बघत होते," त्या म्हणाल्या. "रस्त्यावर, ट्रॅममध्ये, या दोघांकडे. रात्री दाराला दोनदा कुलूप लावत होते. आतून."

मनोरमाबाई उभ्या राहिल्या. मुलाकडे गेल्या आणि हात पुढे केला.

"किल्ल्या दे."

"आई, ऐकून तर..."

"घराच्या आणि केलरच्या. दे." त्यांचा हात खाली आला नाही. "तुझ्या हातचे लाडू मी हिला ऑफिसात वाटायला दिले रे. स्वतः गाठी मारून."

किल्ल्या टेबलावर पडल्याचा आवाज सगळ्या वाचनालयात घुमला. फ्राऊ हाइडेनराइश यांना मराठीचा एक शब्द कळला नव्हता, तरी त्या पुढे आल्या आणि अरुंधतींना म्हणाल्या, "वरच्या मजल्यावर पाहुण्यांची खोली आहे. दोन पलंग आहेत. आणि अहवाल मला पंधरालाच हवाय, एक दिवस उशीर चालणार नाही."

सोमवारी सकाळी अरुंधतींनी पोलिसांत जबानी दिली. या वेळी कोणी वाह्यातपणा म्हणालं नाही.

*

बारा फेब्रुवारी, शनिवार. दत्ता सकाळपासून तिसऱ्यांदा खाली जाऊन टपालपेटी बघून आला होता.

"काही होणार नाहीये आज," कीर्ती म्हणाली.

"मला माहितीये. तरी."

चौथ्या खेपेला तो पाकीट घेऊन आला. हायडेलबर्गचा शिक्का. कीर्तीने ते उघडलं, आणि दत्ता वाकून बघू लागला.

कुंभेचं चित्र होतं. सोनेरी आकाश, दगडी विहीर, दोर ओढणारा म्हातारा शनी. चेहरा पूर्ण होता. सुरकुत्या, पांढरी दाढी, थोडासा वैतागलेला.

मागे मराठीत लिहिलं होतं: 'अहवाल काल दिला. बेहरूझनी शेवटच्या पानावर सही केली, म्हणाले, बरोबर आहे. आई व्हिसा संपेपर्यंत माझ्याजवळच आहेत. रोज केलरमध्ये आधी त्या उतरतात, काठी घेऊन. हे पत्र पोचेल तेव्हा सूर्य विहिरीवर आला असेल. मी इथेच आहे.'

दत्ताने चित्र हातात घेऊन विचारलं, "भिंतीवर लावूया?"

कीर्तीने भिंतीकडे पाहिलं. तिथे अजून काहीच नव्हतं.

"लाव," ती म्हणाली. "एवढ्या एका ग्रहाला जागा आहे."